एका माणसापुरती साई भाजी

आमच्या इमारतीतल्या गोमादादांना कुठलाही पदार्थ कसा करायचा विचारा, सुरुवात ठरलेली. "पयलं चालीस किलो कांदा सोलून घे."

मी कडव्या वालांची भाजी विचारली होती. घरात आम्ही तिघं. दादांनी मीठ घमेल्यानं सांगितलं, खोबरं पोत्यानं, आणि ढवळायला "चांगली बलकट मानसं चार." मी मोबाइलवर भागाकार करत बसले.

यात दादांचा दोष नाही. पालेगावातल्या लग्नाच्या हळदींचं जेवण वर्षानुवर्षं त्यांनीच रांधलं. मग शेतांच्या जागी आमचे टॉवर आले, हळदींना केटरर आले, आणि वहिनी गेल्यावर दादा आठव्या मजल्यावर एकटे राहू लागले. त्यांच्याकडचा सगळ्यात लहान टोपसुद्धा दोन शेगड्यांवर मिळून बसवावा लागतो. त्यांनी कालवण केलं की लिफ्टमधून वाटप सुरू. आपण वाटीतून काही नेऊन दिलं तर चव घेण्याआधी विचारतात, "किती मानसांचं?" "दोघांचं," म्हटलं की चेहरा पडतो. दोघांसाठी कुणी चूल कशाला पेटवावी, हे त्यांना खरंच कळत नाही.

रविवारी दुपारी आम्ही काही बायका एकमेकींच्या स्वयंपाकघरात जमतो. कुणाच्या आईची आमटी, कुणाच्या केरळी सासूचं अवियल. सोपं असेल ते शिकायचं आणि तिथंच खायचं. त्या रविवारी भावनाभाभींकडे होतो. भाभी सिंधी, उल्हासनगरच्या. दादा दारात येऊन उभे राहिले.

"भाभी, तुमची ती साई भाजी मना शिकवा. एका मानसाची."

आम्ही हसलो. दादा हसले नाहीत.

"माझी सून तुमच्यातलीच ना," ते म्हणाले. "बदलापूरला असतात पोरं. तिला दिवस गेलेत, पन पोटात काय ठरत नाय. पानीपन नाय. पोरगा बोलला, सारखी आईच्या साई भाजीची आठवन काढते. आई तिची नाय आता."

मग बाकीचं कळलं. ती लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा दादांनी कौतुकानं टोपभर मटण रांधलं होतं. ती शाकाहारी. पापड आणि भात खाऊन उठली. "तवापासून आली नाय. पोरगा बोलतो, सवड नाय. मी इचारलंपन नाय."

भाभींनी ओटा रिकामा केला. वाटीभर हरभऱ्याची डाळ भिजलेली होतीच. पालक, थोडा चुका, एक बटाटा, एक टोमॅटो. छोट्या कुकरसमोर दादा अवघडून उभे राहिले.

"मीठ?"

"चिमूटभर, दादा."

दादांनी चिमूट उचलली, निरखली, आणि त्यातली निम्मी परत टाकली. भाजी घोटताना रवी त्यांच्या मुठीत दिसेनाशी झाली.

"लहसुन आज कम," भाभी म्हणाल्या. "तिला वास सहन नाही होणार."

छोटा डबा दोन्ही हातांत धरून दादा बदलापूरला जायला रिक्षात बसले. संध्याकाळपर्यंत फोन नाही. भाभी माझ्याकडे येऊन बसल्या. शेवटी मीच फोन लावला.

"खाल्लं गो," दादा अगदी हळू बोलले. "भातात कालवून. सगलं."

"आणि ठरलं पोटात?"

"ठरलं. झोपलीय."

मी भाभींना मान हलवून सांगितलं. त्या डोळे पुसत हसायला लागल्या.

"मग निघताय ना, दादा?"

"नाय. पोरगा ड्युटीवर हाय. झोपताना बोलली, पप्पा, जाऊ नका." दादांनी आवाज आणखी खाली आणला. "लगीन झाल्यापासून तिनं मना कधी हाकच नव्हती मारली गो."

आणि लगेच कुजबुजले, "ठेवतो. जागी होईल ती."