फुल्हेन्सियोची वाम

"झाकण कशाला? तिला काय पंख आहेत?" असं फुल्हेन्सियोने बायकोला ठणकावलं होतं. रविवारी सकाळी काचेच्या टाकीत पाणी होतं, दगड होते, ती सापासारखी लांब मासळी, वाम, तेवढी नव्हती.

"फुटले वाटतं पंख," निमिया म्हणाली.

"मी गाढव आहे, मान्य. आधी शोध! आई येतीलच आता."

निमियाची आई, दोन्या पेत्रोना, तीन वर्षांनी असुन्सिओनला येत होती. तिच्या हातच्या 'सोपा'ला, म्हणजे मक्याच्या पावाला, जावयाने भर पंगतीत 'वीट' म्हटल्यापासून तिने अबोला धरला होता. आत्ताही तिने निरोप पाठवला होता, "मी वाम बघायला येतेय. जावयाला नाही."

फ्रिजखाली पाहिलं, बुटांत पाहिलं. दारात टॅक्सी थांबली. फुल्हेन्सियोने बागेतल्या काळ्या रबरी पाइपचा हातभर तुकडा कापला आणि दगडांमागे खुपसला.

सासूबाईंनी काचेला नाक लावलं. "हलत नाही गं."

"लाजाळू आहे," तो निमियाच्या पाठीमागून म्हणाला.

तेवढ्यात दगड सरकला आणि पाइप संथपणे वर येऊन तरंगू लागला.

"मेली!" सासूबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. "निमिये, टॉवेल आण. पुरायला हवी बिचारीला."

आता माघार कसली! फुल्हेन्सियोने पाइप घाईघाईने टॉवेलात गुंडाळला, पेरूखाली खड्डा खणला. सासूबाईंनी डोळे मिटून अख्खी प्रार्थना म्हटली. तो घामाने आणि शरमेने भिजला.

"आमेन," त्या म्हणाल्या. "पाइपला एवढं पुरे. चला जावईबापू, आता खरी शोधू."

"तुम्हाला... माहीत होतं?"

"नदीकाठी वाढले मी. म्हटलं बघू, हा माणूस कुठवर जातो."

"कबरीपर्यंत गेलो, आई."

सासूबाई तीन वर्षांत प्रथमच त्याच्याकडे बघून हसल्या, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग सरळ मोरीत गेल्या आणि ओलं फडकं उचललं. खाली वाम वेटोळं करून बसली होती, धडधाकट.

"अशा माणसाशी अबोला धरून माझंच नुकसान की!" असं म्हणत त्यांनी फोन उचलला, तो दुपारभर खाली ठेवला नाही. संध्याकाळपासून फुल्हेन्सियोला सासरच्यांचे सांत्वनाचे फोन येऊ लागले.

"फार हाल झाले का हो तिचे?" थोरल्या मेव्हण्याने हसू दाबत विचारलं.

फुल्हेन्सियोने घसा साफ केला. "नाही हो," तो गंभीरपणे म्हणाला, "शेवटपर्यंत लवचीक होती."