कुत्रं आणि त्याचा मालक

मेजर झुडपातून परत आला तेव्हा त्याच्या तोंडातून हातभर वोर्स, म्हणजे मसालेदार मांसाचं सॉसेज, लोंबत होतं, आणि ते नेव्हिलचं नव्हतं.

"टाक! टाक म्हणतो ना!" नेव्हिल कूपमन दात-ओठ खात खेकसला.

मेजर हा नेव्हिलच्या सासूचा आखूड पायांचा, लांबोडका कुत्रा. आज्ञा पाळणं हा प्रकार सासूला जितका माहीत, तितकाच त्यालाही. त्यानं मान वर केली, दोनदा गिळलं आणि पुरावा संपवला. शेजारच्या तंबूसमोर टेबलावर रिकामं ताट आणि खाली ओढलेला रुमाल दिसत होता. तंबूवाला क्वीन्टन, अपिंग्टनहून आलेला, आपल्या वासराएवढ्या कुत्र्याला घेऊन नदीत डुंबत होता.

कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून नेव्हिलनं चटकन आजूबाजूला बघितलं. कारण गेल्या ईस्टरला कुणाच्या तरी कुत्र्यानं त्याच्या मटणाच्या चापा पळवल्या होत्या आणि त्यानं एवढा तमाशा केला होता, की तंबूंच्या या तळाच्या मालकीण हेस्टरकाकूंनी वैतागून फाटकावर पाटी ठोकली: कुत्र्यानं चोरी केली तर कुत्रं आणि त्याचा मालक त्याच दिवशी बाहेर, आणि पुढं कधी जागा मिळणार नाही. लाल रंगात ती पाटी रंगवली कुणी? नेव्हिलनंच. आणि जागा कसली, तर वाळुंजाखालची, पाण्याला लागून. समोर सीडरबर्ग डोंगराचे तांबडे कडे. त्याचा बापही ईस्टरला इथंच तंबू ठोकायचा. ही जागा गेली तर पार्ल गावातल्या भावांना तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

"राशेल, आपलं वोर्स कुठाय?" त्यानं बायकोला विचारलं.

"बर्फाच्या डब्यात. का?"

"काही नाही. तू तिकडं बघ."

त्यानं आपलं कच्चं वोर्स काढलं. धने किती भाजायचे आणि लवंग किती घालायची, हे त्याच्या बापानं मरताना फक्त त्यालाच सांगितलं होतं. ते वेटोळं त्यानं क्वीन्टनच्या ताटात ठेवलं, वर रुमाल टाकला आणि आपल्या शेगडीपाशी येऊन उभा राहिला. संतापानं त्याचे कान लाल झाले होते. बापाचा मसाला, आणि जाणार कुठं, तर अपिंग्टनच्या पोटात!

क्वीन्टन अंग पुसत आला, निखारे सारखे केले आणि वोर्स जाळीवर टाकलं. इथवर नेव्हिलनं सोसलं. मग क्वीन्टननं काटा घेतला आणि वोर्सला भोकं पाडायला सुरुवात केली.

चर्र चर्र करत सगळा रस निखाऱ्यांवर गळू लागला. नेव्हिलच्या घशातून कळ आल्यासारखा आवाज निघाला. पण या मुलखात दुसऱ्याच्या बायकोला एक वेळ सल्ला देता येतो, दुसऱ्याच्या विस्तवाला नाही. परक्या शेगडीवर चिमटा चालवणाऱ्याला पुन्हा कुणी जेवायला बोलावत नाही. तो मुठी आवळून उभा राहिला आणि मेजरकडं असं बघत होता, की दुसरं कुठलंही कुत्रं मुकाट्यानं घरी चालत गेलं असतं. मेजर उताणा पडून पोट उन्हाला दाखवत होता.

"या हो सगळे, चव घ्या!" क्वीन्टननं हाक मारली. सगळे जमले. हेस्टरकाकूसुद्धा आल्या.

काकूंनी तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "क्वीन्टन, इतकी वर्षं या नदीवर लोकांचं वोर्स खातेय. असं नाही खाल्लं बाबा."

"आमच्या खाटकाची कमाल, काकू," क्वीन्टन खुशीत म्हणाला. "पण आज काही औरच लागतंय. इथल्या हवेचा गुण असेल."

हवेचा गुण! नेव्हिलनं पाण्याचा ग्लास आपटला. राशेलनं त्याच्या दंडाला चिमटा काढला. तेवढ्यात सासूबाई, डॉरिन मा, बोटं चाटत वळल्या.

"बघ नेव्हिल, याला म्हणतात वोर्स! शीक जरा. नाहीतर तुझं. सायकलची ट्यूब चावल्यासारखं."

"मा, ते माझंच आहे!" नेव्हिल एवढ्यानं ओरडला की कड्यांवरून आवाज परत आला. "माझ्या बापाचा मसाला! या अडाण्यानं भोकं पाडून वाटोळं केलं तरी बोटं चाटताय तुम्ही!"

राशेलनं कपाळावर हात मारला.

"तुझं वोर्स," हेस्टरकाकू सावकाश म्हणाल्या, "क्वीन्टनच्या शेगडीवर कसं आलं रे? आणि क्वीन्टनचं कुठं गेलं?"

कुणी काही बोलायच्या आत मेजरनं ढेकर दिली.

"बरं," काकू म्हणाल्या. "पाटीवर काय लिहिलंय ते तुला सांगायला नकोच. मालक कोण याचा?"

"माझ्याकडं बघू नका," डॉरिन मा चटकन म्हणाल्या. "मी फक्त त्याचे लाड करते."

"मा! त्याच्या वाढदिवसाला केक कापता तुम्ही!"

"कुत्र्यालाच विचारू," काकूंनी निकाल दिला. "कुत्रं खोटं बोलत नाही."

मेजर उठला, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि ज्याच्या हाताला दिवसभर मांसाचा वास येत होता, त्या नेव्हिलच्या पायावर जाऊन बसला.

"आम्ही दोघी राहतो हं," राशेल म्हणाली. "उद्या ईस्टर आहे. तू जपून जा."

नेव्हिलनं आपली पिशवी गाडीत फेकली. तोवर क्वीन्टननं डब्यातलं आपलं दुसरं वोर्स भाजलं होतं. त्यातला तुकडा कागदात गुंडाळून त्यानं खिडकीतून पुढं केला.

"वाटेत खा, भाऊ. राग नाही आपला."

"माझा आहे!" म्हणत नेव्हिलनं पुडकं मागच्या सीटवर भिरकावलं आणि धुरळा उडवत निघाला.

घाटाच्या माथ्यावर त्यानं गाडी थांबवली. घाईत ताटातून उचललेला आपल्या वोर्सचा शेवटचा तुकडा खिशात होता. त्याला भूक नव्हती, पण कुणाकडून तरी शाबासकी हवी होती.

"घे, चोरा. खा, आणि सांग."

मेजरनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"पोट भरलं असेल हरामखोराचं," नेव्हिल स्वतःला म्हणाला.

मेजर मागच्या सीटवर चढला आणि क्वीन्टनचं पुडकं फाडून शेपटी हलवत खाऊ लागला.

नेव्हिल संतापानं मागं वळला. त्यानं पुडकं हिसकावलं, उरलेलं चिमूटभर वोर्स तोंडात टाकलं आणि थुंकायच्या तयारीनं चावलं. मग परत चावलं. मग समोरच्या डोंगरांकडं बघत बापाबद्दल कधी मनात आणला नव्हता असा एक विचार त्यानं मनात आणला.

गाडी परत फाटकाशी येताना पाहून हेस्टरकाकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"नेव्हिल, जागा मिळणार नाही. रडलास तरी नाही."

"जागा खड्ड्यात गेली, काकू!" नेव्हिल रागानं लालबुंद होऊन म्हणाला. "क्वीन्टनला विचारून या, त्याच्या खाटकाचं नाव काय. आणि मी विचारलं म्हणून सांगू नका."