बोगद्याचं मागचं तोंड

एका जंगलात... नाही, बाळांनो, चुकलो. ही गोष्ट तीन जंगलांत घडली. एवढा मूर्खपणा एका जंगलात मावला नसता. तिन्ही जंगलांच्या मधोमध समुद्र होता. पहिल्या जंगलाचा राजा वाघ, दुसऱ्याचा अस्वल आणि तिसऱ्याचा रानडुक्कर. आता गप्प बसा आणि मध्येच शहाण्यासारखे प्रश्न विचारू नका. शहाण्या प्रश्नांचं काय होतं, ते पुढे येणारच आहे.

समुद्र ओलांडायला सगुणा कासवीण होती. सकाळी तिच्या पाठीवर बसायचं, दुपारी पलीकडे उतरायचं. पाय तेवढे ओले व्हायचे.

वाघाच्या जंगलात मंजुळा नावाची सायाळ राहायची. तिच्या पिलाला, टिकलूला, सारखा ताप यायचा. त्यावरची मुळी अस्वलाच्या जंगलातच उगवायची आणि ती ताजीच द्यावी लागायची. म्हणून मंजुळा दर चार दिवसांनी सगुणाच्या पाठीवरून जाऊन मुळी आणायची. मुळी पोटात गेली की टिकलू उठून आईच्या काट्यांशी खेळायचा.

एकदा वाघ सगुणाच्या पाठीवर बसला आणि त्याची शेपटी भिजली.

झालं! त्याचा प्रधान कोल्हा गरजला, "राजाची शेपटी भिजते म्हणजे काय! समुद्राखालून बोगदे काढू. तिन्ही जंगलं जोडू. वीस उड्यांत पलीकडे!"

तिन्ही जंगलांची सभा वडाखाली भरली. निम्मे म्हणाले, बोगदा हवाच. निम्मे म्हणाले, मुळीच नको. समुद्राचा तळ यांच्यातल्या एकानेही पाहिलेला नव्हता, त्यामुळे सगळेच तावातावाने बोलत होते.

"बोगद्यातून तुमची डुकरं येतील आणि आमचे कंद खातील," वाघाकडचं सांबर म्हणालं.

"तुमचे कंद आम्ही हुंगतसुद्धा नाही!" रानडुक्कर खवळला. यावर चार दिवस गेले.

एक ठराव मात्र टाळ्यांच्या गजरात एकमताने झाला. सगुणाच्या फेऱ्या बंद. कासवीण चालू राहिली तर बोगद्याची निकड कुणाला पटणार? सगुणाला त्यांनी जलतज्ज्ञ नेमलं. गळ्यात शेवंतीचा हार घातला आणि उंच दगडावर नेऊन बसवलं. तिला ते आवडलं. खोटं कशाला सांगू? जन्मभर पाठीवर लोकांचे पाय सोसलेल्या बाईला हार आवडणारच.

दुसऱ्याच दिवशी मंजुळा धापा टाकत सभेत आली.

"प्रधानजी, पोराला ताप चढलाय. मुळी आणायला पलीकडे जायचंय."

"बोगद्यातून जा की, बाई."

"बोगदा कुठाय?"

"चर्चेत आहे," कोल्हा म्हणाला.

मंजुळा दगडापाशी गेली. "सगुणामावशी, एक फेरी. एकच."

सगुणाने हार सरळ केला. "अगं, मी आता तज्ज्ञ आहे. तज्ज्ञाने कुणाला पाठीवर घेतलेलं बरं दिसत नाही. उद्या माझं भाषण आहे. ते होऊ दे, मग बघू."

भाषण झालं, पण बघणं राहिलं. कारण सभा मागच्या तोंडावर अडली होती.

तुम्हाला ठाऊक आहे ना, जंगलातल्या प्रत्येक बिळाला दोन तोंडं असतात? पुढचं येण्याजाण्याचं. मागचं लपवलेलं, शत्रू आला की पळायचं. ते मालकाशिवाय कुणाला माहीत नसतं. तिन्ही राजे अडून बसले, की बोगद्यालाही मागचं तोंड हवं, समुद्राच्या मधोमध हवं आणि प्रत्येकाला वेगळं हवं.

"दुसऱ्याचं सैन्य आत घुसलं तर मी पळू कुठून?" अस्वल म्हणालं. तिन्ही राजांचं एवढ्यापुरतं पटलं.

खणायला बोलावलेली घूस म्हातारी होती. तिने हात जोडले. "महाराज, समुद्राच्या मधोमध भोक पाडलं तर पाणी आत येईल."

मग सगळे तिच्यावर तुटून पडले. ही प्रगतीच्या आड येते! हिला कुणी पाठवलं? घुशीला हाकलून दिलं आणि ठराव मांडला: पाण्याला बोगद्यात येण्यास सक्त मनाई आहे. जलतज्ज्ञ म्हणून सगुणाने त्यावर पंजा उमटवला. मग चर्चा सुरू झाली, की मनाई गोड्या पाण्यालाही लागू आहे का.

मंजुळा रोज येऊन कडेला उभी राहायची. अकराव्या दिवशी ती आली नाही.

टिकलू गेला होता.

सभेला फार वाईट वाटलं. इतकं, की दोन क्षण सगळे गप्प बसले आणि तिसऱ्या क्षणी कोल्ह्याला सुचलं. बोगद्याला टिकलूचं नाव! होयवाले आणि नकोवाले दोघेही रडले. खणायला कुणीच नव्हतं, पण कोनशिला बसली. मंजुळेला पुढच्या रांगेत बसवून दोन शब्द बोलायला सांगितलं.

ती उठली. "त्याला मुळी हवी होती," एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

कडाडून टाळ्या पडल्या. एकटी सगुणा टाळी वाजवत नव्हती. तिने हार काढून दगडावर ठेवला आणि फरपटत मंजुळेच्या मागे निघाली. "मंजुळा, चल गं, नेते तुला पलीकडे," ती म्हणाली.

"आता कशाला, मावशी?" मंजुळा म्हणाली आणि वळलीसुद्धा नाही.

वडाखाली सभा अजून भरते. टिकलूच्या नावाआधी 'कुमार' लावायचं की 'चिरंजीव', यावर सध्या तिन्ही जंगलांत मतभेद आहेत.

तात्पर्य: बाळांनो, आजारी पडण्यापूर्वी चर्चा कुठवर आली आहे, याची चौकशी करावी. घाई करणाऱ्यांचं फक्त नाव राहतं.