पाच माउथपीस आणि एक मोटर

"काका, मिक्सर अडकलाय का? माझ्याकडे स्क्रू-ड्रायव्हर आहे."

शनिवारी सकाळी दार उघडताच समोरच्या फ्लॅटमधल्या देवेशने हे विचारलं, आणि जनकोजीराव क्लॅरिनेट हातात धरून उंबऱ्यातच थिजले. देवेश मूळचा पुण्याचा, चेन्नईजवळ सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. मुलगा सालस, कुणाच्याही मदतीला धावणारा. आत्ताही तो टोमणा मारायला आला नव्हता, खरोखरच मदतीला आला होता. जनकोजीरावांना झोंबलं ते हेच.

"मिक्सर नव्हे," ते म्हणाले. "कल्याणी."

"कोण कल्याणी?"

"राग!" जनकोजीराव कडाडले.

"सॉरी काका, राग नका मानू. मी आपलं सहज विचारलं," असं म्हणून देवेश घाईघाईने परत गेला.

आत हेमावतीबाई इडलीचं पीठ ढवळत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

"हसालीस काय?" जनकोजीरावांनी विचारलं. "त्याला कल्याणी कळत नाहीं, तो काय आमचा दोष?"

"मी कुठं हसले?" हेमावतीबाई म्हणाल्या. "पीठ घट्ट झालंय की."

जनकोजीरावांचं घराणं तंजावरचं. त्यांचं मराठी ऐकलं की देवेशला कुणीतरी बखरीतून बोलतंय असं वाटे. नोकरीने ते इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. कामगाराने यंत्राकडे बोट दाखवलं, की ते त्याला तिथल्या तिथे सुनावत, "यंत्र बेस आहे. हात नीट चालव." पण हा नियम कारखान्यातला. घरी क्लॅरिनेट हातात घेतल्यावर हात आपले आणि फुंकर आपली असल्यामुळे दोष यंत्रातच असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

एरवी त्यांनी देवेशचं बोलणं सोडूनही दिलं असतं. पण रविवारी संध्याकाळी मैलापूरला त्यांचे गुरू रामस्वामी यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होता आणि प्रत्येक शिष्याने गुरूंपुढे एकेक कृती, म्हणजे रचना, वाजवायची होती. गेल्या खेपेला धडा संपल्यावर गुरू डोळे मिटून म्हणाले होते, "जनको, स्वर बरोबर, ताल बरोबर. पण तुझा आवाज उपाशी आहे रे." उपाशी! तेव्हापासून ते वाक्य जनकोजीरावांच्या घशात अडकून होतं. त्यात त्यांचा गुरुबंधू वेंकट गेल्याच महिन्यात परदेशातून नवा माउथपीस घेऊन आला होता आणि फोनवर दर चार वाक्यांनी त्याचं नाव काढत होता.

"माउथपीसच," जनकोजीराव नाश्त्याला बसता बसता म्हणाले. "आमचा माउथपीस झिजलाय. त्याच्यात आवाज राहिला नाहीं."

दुपारी ते अण्णा सालैवरच्या वाद्यांच्या दुकानात गेले आणि पाच माउथपीस घेऊन आले. दुकानदार जुन्या ओळखीचा. त्याने ते वापरून पाहायला दिले, न आवडलेले सोमवारी परत करायचे या बोलीवर. त्यांत दोन काळ्या एबोनाइटचे होते, एक काचेचा, एक लाकडी आणि एक कसला ते दुकानदारालाही सांगता आलं नाही. सोबत रीडचे डबे आले. माउथपीसवर आवळायच्या मऊ, मध्यम आणि कडक वेताच्या त्या पातळ पट्ट्या. रीड मात्र एकदा ओली झाली की परत नाही.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून जनकोजीरावांनी माउथपीस रांगेत मांडले आणि कारखान्यातून आणलेल्या फीलर गेजने प्रत्येकाच्या टोकाची फट मोजली. रीड भिजत घालायला स्टीलचा पेला घेतला. मग हेमावतीबाईंना आणि तंजावरहून मुक्कामाला आलेल्या त्यांच्या थोरल्या भावाला, राममूर्तींना, सोफ्यावर बसवलं आणि स्वतः पडद्यामागे गेले.

"मी एकामागून एक वाजवतों. कोणचा बेस, तेवढं सांगायचं. तोंड पाहायचं नाहीं."

"कोणाचं तोंड?" राममूर्तींनी विचारलं.

"माझं! म्हणून पडदा."

पहिला वाजला. दुसरा वाजला. तिसऱ्यावर कडक रीड होती. त्यातून नुसताच वारा गेला. चौथा वाजला, पाचवा वाजला. जनकोजीराव घाम पुसत बाहेर आले.

"सांगा."

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं. "मला सगळे एकसारखेच वाटले," हेमावतीबाई म्हणाल्या.

"मला तिसरा आवडला," राममूर्ती म्हणाले. "कानाला त्रास नाहीं."

ज्या घरात नारळ घेताना तो दहा वेळा कानाशी वाजवून पाहतात, त्या घरात पाच माउथपीस एकसारखे वाटावेत! जनकोजीराव तडक पाठीमागच्या बाल्कनीत गेले आणि एकटेच एकेका जोडीची परीक्षा घेऊ लागले. तासाभरात त्यांना काचेच्या माउथपीसवर एक मध्यम रीड अशी सापडली, की खालचा षड्ज तुपासारखा ओघळला. त्यांनी ती रीड हळूच काढली, पेल्यात ठेवली आणि हा शोध सांगायला स्वयंपाकघरात गेले. हेमावतीबाईंनी तो ऐकून घेतला, कारण तोवर त्यांच्या हातात मुरुक्क्याचा, म्हणजे चकलीचा, साचा होता आणि तेल तापलं होतं.

परत येऊन पाहतात तर राममूर्ती बेसिनपाशी उभे होते आणि ती रीड त्यांच्या जिभेवर होती.

"बेस आहे हो हे," जीभ घासून झाल्यावर ते म्हणाले. "तांब्याची जिभळी कधी कधी टोचते. हे मऊ. कुठं मिळतं?"

"ती रीड आहे!"

"असूं दे की. दोन दिवसांत मी जाणारच, तोवर ही राहूं दे मला."

"हेमा!" जनकोजीराव ओरडले. "तुझा भाऊ माझा षड्ज घासून गेला!"

"ओरडूं नका," आतून उत्तर आलं. "अण्णाला काय ठाऊक? तुम्ही ते पाण्यात घालून बेसिनशेजारी ठेवलं की."

त्याच संतापात जनकोजीरावांनी एक कडक रीड ब्लेडने तासून मध्यम करायला घेतली. रीड तासायची तर हात स्थिर लागतो. तिचं टोक एका बाजूने अधिक गेलं. तरी त्यांनी ती लावली, छातीत होता नव्हता तेवढा वारा भरला आणि वरचा स्वर धरला.

क्लॅरिनेटमधून जी किंचाळी निघाली ती बाल्कनीच्या चौकातून थेट खाली पार्किंगमध्ये उतरली. जनकोजीराव हटले नाहीत. रीड बसेपर्यंत वाजवत राहायचं, या हट्टाने त्यांनी पुन्हा तोच स्वर धरला. मग पुन्हा.

खाली वॉचमन पाण्याच्या मोटरीजवळ बसला होता. ही मोटर गेल्याच आठवड्यात दुरुस्त झाली होती आणि सोसायटीच्या सेक्रेटरी श्रीलक्ष्मी मॅडमनी त्याला बजावून ठेवलं होतं, की कर्कश आवाज आला तर क्षणाचाही विलंब न लावता ती बंद करायची. कर्कश आवाज आला. त्याने मोटर बंद केली आणि मॅडमना फोन लावला. मॅडमनी मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिक रविवारी फोन उचलत नसे. वरची टाकी आधीच तळाला गेली होती. वेलचेरीतल्या त्या इमारतीत रविवारच्या सकाळी घराघरांत कपडे धुणं आणि डोक्याला तेल लावून न्हाणं चाललेलं. तोट्या एकेक करून खोकल्या आणि गप्प झाल्या.

थोड्याच वेळात सगळी इमारत पार्किंगमध्ये जमली. कुणाच्या हातात बादली होती, कुणाच्या केसांत शिकेकाई. देवेश कमरेला टॉवेल गुंडाळून, डोक्यावर शाम्पूचा फेस घेऊन, एक डोळा मिटून उभा होता. तेवढ्यात वरून पुन्हा ती किंचाळी आली. मोटर तर बंद होती. सगळ्यांनी मोटरीकडे पाहिलं, मग हळूहळू माना वर केल्या.

"काका," देवेशने हाक मारली, "जरा खाली येता का?"

जनकोजीराव क्लॅरिनेट आणि माउथपीस-रीडचा डबा घेऊनच खाली आले. आपल्यामुळे पाणी बंद झालं हे त्यांना कळलं. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांना कळली, ती ही, की एका माणसाने त्यांच्या वादनाला बिघडलेली मोटर समजलं आणि या सगळ्या लोकांना त्यात काहीच वावगं वाटत नाही.

"माफी मागा," श्रीलक्ष्मी मॅडम तमिळमध्ये म्हणाल्या. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही समोरच्याला बाकावर उभं केल्यासारख्या बोलत.

"मी?" जनकोजीरावांचा आवाज चढला. "माफी तुम्ही मागा, संगीताची! मोटर कुठली आणि क्लॅरिनेट कुठलं हे ज्यांना कळत नाही त्यांच्या शेजारी मी इतकी वर्षं राहिलो? भिंतीकडे तोंड करा सगळे. दोन आवाज होतील. कुठला कशाचा ते सांगा. ओळखता आला नाही, तर मी माफी मागेन."

लोकांना पाणी हवं होतं, आणि मोटर सुरू व्हायला हाच जवळचा रस्ता दिसत होता. सगळे निमूटपणे भिंतीकडे वळले. जनकोजीरावांनी तासलेली रीड फेकून डब्यातली नवी लावली, नीट ओली केली आणि खालचा षड्ज लांब धरला. मग वॉचमनला खूण केली. मोटर सुरू झाली, थोडी चालली, बंद झाली.

"बोला!"

"पहिली मोटर," देवेश म्हणाला.

"पहिलीच," बाकीचे म्हणाले.

"निःसंशय," श्रीलक्ष्मी मॅडम म्हणाल्या. "आणि दुसऱ्या आवाजाबद्दल बोलायचं तर, राव सर, मी मघाशी कठोर बोलले. तो आवाज खरोखर भरदार होता. एकसारखा, कुठे फाटला नाही."

"काका, तो दुसराच माउथपीस ठेवा," देवेश मनापासून म्हणाला. "काय गोल आवाज होता!"

वॉचमन छताकडे पाहू लागला. जनकोजीरावांनी डब्यात हात घातला, हाती आला तो माउथपीस बसवला, हाती आली ती रीड आवळली, आणि कुणी भिंतीकडून वळायच्या आत कल्याणीत शिरले. फट किती, रीड कुठल्या नंबरची, ओठ कुठे, यातलं काही त्यांना आठवलं नाही. पोटात नुसता जाळ होता आणि तो सगळा फुंकरीत गेला. पहिलाच स्वर पार्किंगच्या खांबाखांबांतून घुमत गेला. ते वाजवत राहिले. मोटरीला भरदार म्हणणाऱ्यांवरचा, जीभ घासणाऱ्यांवरचा, मिक्सरवरचा सगळा त्वेष आलापीत उतरला आणि उतरता उतरता कुठेतरी निवला. मग त्यांनी शेवटचा षड्ज सोडला.

"ही मोटर नाही," श्रीलक्ष्मी मॅडम भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या.

देवेशच्या डोक्यावरचा फेस वाळून गेला होता. "काका," तो म्हणाला, "अजून एक होऊ दे?"

"आधी पाणी!" बादलीवाल्या ओरडल्या, आणि मोटर सुरू झाली.

संध्याकाळी जनकोजीराव रेशमी अंगवस्त्र घेऊन हेमावतीबाईंसह मैलापूरला गेले. सकाळी हाती लागलेला तो लाकडी माउथपीस क्लॅरिनेटवर होता तसाच होता. रीड सैल करायचीही त्यांना हिंमत झाली नव्हती. शिष्यांत सगळ्यांआधी वाजवायची पाळी त्यांची आली. ते वाजवत असताना रामस्वामी पुढे झुकले, त्यांचे डोळे पाणावले, आणि वादन संपल्यावर त्यांनी जनकोजीरावांच्या डोक्यावर हात ठेवला.

"जनको, आवाज भरला रे! काय केलंस?"

जनकोजीराव खाली येऊन हेमावतीबाईंशेजारी बसले आणि विजयी मुद्रेने वेंकटकडे पाहू लागले. वेंकटने वाजवलं. गुरूंनी त्याच्याही डोक्यावर हात ठेवला.

"वेंकट, आवाज भरला रे!"

जनकोजीरावांच्या कपाळावर आठी पडली. मग एक व्हायोलिन झालं. त्याचाही आवाज भरला होता. एका गृहस्थांनी माइक तपासायला "हॅलो, हॅलो" केलं, तेव्हा गुरू त्यांच्याकडेही कौतुकाने पाहू लागले.

जनकोजीराव उठले आणि व्यवस्था पाहत फिरणारी गुरूंची मुलगी सुष्मिता हिला गाठलं. "अम्मा, हे काय चाललंय? सगळ्यांचाच आवाज भरला?"

सुष्मिता हसली. "काका, अप्पांना परवाच नवीन कानातलं यंत्र बसवलंय. वर्षभर जुन्यातून सगळं बारीक, चिरकं ऐकू यायचं म्हणे. आता बघा, कुकरची शिटी झाली तरी वा वा म्हणतात."

"वर्षभर?" जनकोजीरावांचा स्वर इतका वर गेला की दोन रांगा मागे वळल्या. "म्हणजे माझा आवाज उपाशी होता, ते यंत्रामुळे? मी सुट्टीचे दोन दिवस घालवले, सगळ्या इमारतीचं पाणी बंद पाडलं! मग आधी माझा आवाज होता तरी कसा?"

"ते मी कसं सांगू, काका?" सुष्मिता म्हणाली. "अप्पांनी तर नीट ऐकलाच नव्हता." आणि ती पाहुण्यांकडे निघून गेली.

जनकोजीराव तरातरा जागेवर येऊन बसले. शेजारी हेमावतीबाई पायसम पीत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आधीचा आवाज कसा होता, हें सांगणारं आता कोणीच नाहीं," जनकोजीराव धुमसत म्हणाले.

हेमावतीबाईंनी पायसमचा शेवटचा घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"असं कसं?" त्या म्हणाल्या. "आम्ही ऐकलाय की."