विरजणातली नोकरी

कलावती मगदूम हिला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी दह्यातल्या एका जिवाणूत हेलिकेज म्हणून, म्हणजे पीळ सोडवणारी म्हणून, नोकरी लागली. पत्र रीतसर आलं होतं. तिनं इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. सुताला पीळ कुठं बसतो आणि तो कसा सोडवायचा हे तिच्या बोटांना पाठ होतं, त्यामुळे नोकरीचं शेजाऱ्यांना नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पत्त्याचं. ‘कामाचे ठिकाण : गल्ली नंबर सहा, मालन मगदूम यांचे घर, स्वयंपाकघर, स्टीलचा डबा. घरच्या मंडळींना त्रास होणार नाही अशा बेताने आत जावे.’

मालन म्हणजे तिची धाकटी जाऊ, दीर जिनपालची बायको. घर एकच गल्ली सोडून, पण दोघी नऊ वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

सोमवारी सकाळी मालनची सून तृप्ती कोमट दुधाला विरजण लावून ओटा पुसत होती, तेवढ्यात कलावती मागच्या दारानं आत गेली. डब्यात शिरताना जरा वाकावं लागलं, एवढंच.

आत दुधाळ उजेड होता. पाऊल टाकलं की ते जमिनीला टेकायच्या आधीच पुढचं उचलावंसं वाटायचं. जिवाणूच्या पोटात खोल्या नव्हत्या. मधोमध एक सूत तरंगत होतं, दोन पदर एकमेकांभोवती पिळलेलं, आणि वळसे घेत घेत स्वतःलाच येऊन मिळालेलं. त्यावर कामाला सुरुवात करायची जागा ठरलेली होती. तिथं कागद घेऊन एक गृहस्थ उभे होते. त्यांचं नाव भरमाण्णा. हेलिकेजना सुतावर चढवून देणं हे त्यांचं काम.

“हे डीएनए,” ते म्हणाले. “ह्या जिवाणूचं सगळं ह्याच्यावर लिहिलंय. एकाचे दोन व्हायचे तर दोघांना एकेक प्रत पाहिजे. पदर सुटे झाल्याशिवाय नकला करणाऱ्यांना वाचता येत न्हाई. सुटे करणार तुम्ही. एकटीला जमत न्हाई, सहा जणींनी हातात हात धरून कडं करायचं. एक पदर कड्याच्या आतून जाईल, दुसरा बाहेरून. तुम्ही पुढं चालत राहायचं.”

“आणि ते पलीकडं दुसरं कडं उभं हाय ते?” कलावतीनं विचारलं.

“तेबी इथनंच निघतंय, उलट्या अंगानं. गोलाच्या पल्याड तुमची गाठ पडंल.”

पाच जणी आधीच उभ्या होत्या. सहाव्या जागेच्या डाव्या अंगाला मालन होती; तिलाही तसंच पत्र आलं होतं.

कलावती वळली. “मला दुसरी जागा बघा.”

“दुसरी जागा न्हाई.”

“आमचं बोलणं न्हाई.”

भरमाण्णांनी कागद पुन्हा वाचला. “नेमणुकीत बोलायची अट न्हाई. हात धरायची हाय.”

कलावतीनं हात धरला. सूत आत घेण्यासाठी कडं ह्याच दोघींच्या मधून उघडून मिटायचं होतं, त्यामुळे ही पकड सगळ्यात महत्त्वाची, असं भरमाण्णांनी बजावून सांगितलं.

मग काम चालू झालं. दर पावलाला गुळाचा बारीक खडा तरंगत तोंडाशी यायचा. तो विरघळला की पाय आपोआप उचलायचा. एक जण झुकली की दुसरी, मग तिसरी, आणि समोरचा पीळ पाण्यात मीठ विरावं तसा सुटत जायचा. सुटलेले पदर पुन्हा एकमेकांना बिलगू नयेत म्हणून मागं माणसं ते धरून उभी होती. त्यांच्या मागून नकला करणाऱ्यांची पुटपुट ऐकू यायची. पुढं दादू नावाचा माणूस होता. मागचा पीळ सुटला की पुढचा घट्ट होतो. दादू तिथं सूत कापायचा, पीळ काढायचा आणि पुन्हा बेमालूम जोडायचा. कलावतीला वाटलं, आपण चालत नाही, कुणीतरी आपल्याला हळूच झोका देतंय.

अर्धी वाट झाली नसेल, तोच दूध गार पडायला लागलं. डिसेंबरचं वारं होतं आणि डबा खिडकीखाली होता. गुळाचे खडे विरघळेनात. दादूची बोटं वळेनात. पुढं पीळ चढत गेला, चढत गेला, आणि सूत दगडासारखं ताठ झालं.

भरमाण्णा आले. “आता जोर लावायचा न्हाई, तुटंल. सोडायची मुभा हाय. तुम्हा दोघींपैकी कुणीबी हात सोडला की कडं उघडंल.”

“मग ह्याचं?” कलावतीनं जिवाणूकडे बघत विचारलं.

“अर्धी नक्कल पोटात घेऊन पडून राहील. मग संपंल.”

ते गेले.

“थंडीत डबा गुंडाळायचा असतो, हे मी तृप्तीला सांगितलंच न्हाई,” मालन म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती.

“तुला सांगायची सवयच न्हाई,” कलावती म्हणाली. नऊ वर्षांतलं हे पहिलं वाक्य. “जिनपाल तीन दिवस दवाखान्यात होता. मी लग्न होऊन आले तेव्हा सात वर्षांचा होता तो. त्याचं दप्तर मी भरत होते. आणि मला कळलं ते तो गेल्यावर, त्याला घरी आणल्यावर.”

मालननं पकड आणखी घट्ट केली.

“त्यांनीच सांगू नको म्हटलं, अक्का. म्हणाले, वहिनी आली आणि माझ्याकडं बघून रडली, तर मला खरंच जायचंय असं होईल. ती येत न्हाई तोवर मी बरा हाय.”

कलावतीची बोटं गारठ्यानं बधिर झाली होती. हात सोडला असता तरी तिला ते कळलं नसतं. म्हणून ती सारखी खाली बघून खात्री करून घेत होती.

“हे तेव्हाच सांगायचंस,” ती म्हणाली.

“तुम्ही दार उघडलं न्हाई.”

“व्हय. ते खरं हाय.”

मग उजेड मऊ झाला, अंधारला, आणि चारी बाजूंनी ऊब आली. बाहेर कुणीतरी डबा दुलईत गुंडाळला होता.

“तृप्तीच्या आईनं तिला फोनवर सांगितलं असणार,” मालन म्हणाली.

दादूची बोटं हलली. सूत सैल पडलं. सहा जणी पुन्हा चालू लागल्या, आणि गोलाच्या पल्याड समोरून येणारं दुसरं कडं दिसलं. शेवटचा पीळ सुटला तेव्हा काहीच आवाज झाला नाही. एका सुताची दोन सुतं झाली होती आणि त्यांच्यामधून एक भिंत दोन्ही बाजूंनी वाढत मध्ये येत होती.

भरमाण्णांनी नावं वाचली. प्रत्येक कड्यातल्या तिघी इकडं, तिघी तिकडं. मोकळ्या जागांवर नव्या नेमणुका. मालन पलीकडं.

“दही लागेस्तवर अशा लाखो भिंती होतील, अक्का,” भिंतीत उरलेल्या भोकातून मालन म्हणाली. “कुठं शोधू तुम्हाला?”

“शोधतीस कशाला? सुटी झाली की घरी ये. भाकऱ्या टाकते.”

मालननं मान हलवली. भोक मिटलं. पायाखाली दूध थोडं घट्ट झाल्यासारखं लागत होतं.

नव्या बायका आल्या. भरमाण्णांनी त्यांना हात धरायला सांगितलं. कलावतीच्या डावीकडची बाई खाली मान घालून उभी होती. कलावतीनं तिचा हात धरला आणि पहिला खडा तोंडाशी यायच्या आत तिला नाव विचारलं.