खालून हवा पायजे

शेळके काका कुणाच्याही घरी गेले की आधी चप्पल काढतात, मग राउटरला हात लावतात आणि मग "काय चाललंय?" विचारतात. हात पण उलटा, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. आमच्याकडं पहिल्यांदा आले ते दसऱ्याचं सोनं द्यायला. आपट्याची पानं अजून हातातच होती आणि म्हणाले, "सर, ह्याला ताप हाय."

"काका, बसा तर खरं."

"बसतो हो. पण हे झबलं कुणी घातलं ह्याला?"

झबलं म्हणजे माझ्या बायकोनं क्रोशानं विणलेलं कव्हर. आमच्या घरात टीव्ही, मिक्सर, फ्रिजचं हँडल, कुणीच उघडं नसतं. मग राउटरनंच काय घोडं मारलं होतं? काकांनी ते अलगद उचललं, घडी घालून तिच्या हातात दिलं. "ताई, काम लई सुबक हाय. पण त्याला घालू नका." मग खिशातून बाटल्यांची चार झाकणं काढली, राउटरच्या चार कोपऱ्यांखाली सरकवली आणि म्हणाले, "खालून हवा पायजे."

ही झाकणं त्यांच्या खिशात कायम असतात. वाळूजच्या एका कारखान्यात भट्टीवर त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर बजाजनगरात आमच्या गल्लीत राहायला आले आणि भट्टी सुटली म्हणून राउटरच्या मागं लागले. कुणी तो काचेच्या शोकेसमध्ये ठेवला की, "कोंडून मारता काय त्याला?" कुणी सेट-टॉप बॉक्सवर ठेवला की, "एकाच्या उरावर दुसरा! दोघं बी जातील." जाळीतली धूळ काढायला जुना टूथब्रशही सोबत असतो. तो कुठल्या खिशात असतो हे मी विचारलेलं नाही. "मशीन बोलत नाय सर," ते सांगतात. "आधी तापतं, मग रुसतं, मग बसतं." आणि एकदा सांगायला लागले की चहा दोनदा गरम करावा लागतो.

बायकोनं अर्थातच त्याच संध्याकाळी कव्हर परत घातलं. काका गल्लीत दिसले की काढायचं, गेले की घालायचं. असं आमचं सुरळीत चाललं होतं.

हा सगळा खटाटोप दुपारच्या तीनसाठी होता, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. काकू वारल्यापासून काका एकटेच. मुलगी सुनंदा पुण्यात नोकरीला. तिला तीन वाजता वीस मिनिटांची सुट्टी मिळते, तेवढ्यात ती व्हिडिओ कॉल करते. आणि मे महिन्यात आपल्याकडं दुपारचे तीन म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. राउटर नेमका तेव्हाच मान टाकतो. घरात मोबाईलला रेंज कशीबशी बोलण्यापुरती. मी एकदा म्हणालोसुद्धा, "काका, साधा फोन लावा ना. आवाज ऐकला की झालं."

"फोनचं काम नाय ते," काका एवढंच म्हणाले. म्हातारा हट्टी आहे, असं मी मनात म्हटलं आणि सोडून दिलं.

यंदाच्या मेमध्ये त्यांचा राउटर फारच रुसायला लागला. काकांनी कूलरचं तोंड त्याच्याकडं वळवलं. राउटर गार हवेत आणि काका पलीकडं बनियनवर, घामानं निथळत. पाहुणा आला तरी कूलर हलायचा नाही. एके दिवशी पावणेतीनला त्यांनी, कमी पडायला नको म्हणून, कूलरची टाकी काठोकाठ भरली. टाकी इतकी भरली की कूलर हवेबरोबर पाणी फेकतो, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. राउटरला अंघोळ घडली आणि तो गेला. ज्यानं सगळ्या गल्लीचे राउटर उन्हापासून वाचवले, त्यानं आपला पाण्यात बुडवला!

मी हसणार होतो. पण काका दारात उभे होते, त्या उन्हात अनवाणी. "सर, तुमचा चालू हाय ना? तीन वाजले."

आमच्या राउटरवर झबलं होतं. बायकोनं जीभ चावली. काकांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की काहीतरी गंभीर आहे.

कॉल लागला. पडद्यावर तिशीतली एक हसरी मुलगी दिसली. काकांनी मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवला, दोन्ही हात मोकळे केले आणि बोलायला लागले. हातांनी. बोटं, भुवया, खांदे, सगळं बोलत होतं. ती हातांनीच उत्तर देत होती, मधेच रागावत होती. घरात कुणाचाही आवाज नव्हता. मला माझीच लाज वाटली.

पाच मिनिटांत चित्र अडकलं. सुनंदाचा हात अर्ध्या वाक्यात थांबला आणि काका त्या थांबलेल्या हाताकडं बघत बसले. मी झटक्यात कव्हर ओढून फेकलं. राउटर चटका बसेल इतका तापला होता. परीक्षेच्या पेपरांचा पुठ्ठा हाताशी होता, तोच घेतला आणि वारा घालायला लागलो. थोड्या वेळानं सुनंदाचा हात हलला. मग मी थांबलोच नाही. दंड भरून आला, बायकोनं दुसरा पुठ्ठा आणला.

कॉल संपल्यावर काकांनी मोबाईल खिशात ठेवला. मग म्हणाले, "तिच्या मूकबधिरांच्या शाळेत शिकवली ती भाषा येगळी. ही आमच्या घरातली. तिच्या आईनं बसवली. बोलणारे तिघं होतो, आता दोघंच हाव. एक दिवस चुकला की भ्या वाटतं, इसरून गेलो तर?"



दाराशी जाऊन ते वळले. "ती इचारत होती, मागं कोण हाय म्हणून. आमच्यात प्रत्येकाला खूण असती, नावाची. तुम्हाला नव्हती." त्यांनी पंजा उघडा धरून दोनदा हळूच हलवला, वारा घातल्यासारखा. "हे तुमचं. तिनंच ठेवलं."