बेड नंबर नऊची पेज

पुष्पलता धकाते या नर्सवर आरोप होता, की तिनं एका जिवंत रोग्याची पेज चोरून स्वतःच्या टोपीला लावली. पेज लावली हे खरं होतं. पण रोगी जिवंत नव्हता, आणि सगळा घोळ तिथंच होता.

झालं असं. १९७४ च्या मार्चात नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात मुंबईहून मोठे साहेब तपासणीला यायचे होते. मेट्रनबाईंनी फर्मान काढलं, प्रत्येक नर्सची टोपी डोक्यावर ताठ उभी पाहिजे. औषधं नव्हती, चादरी फाटक्या होत्या. पण साहेबांची नजर आधी टोप्यांवर जाते, हे बाईंना तीस वर्षांच्या नोकरीत कळलं होतं. पुष्पलता उमरेडच्या विणकराची मुलगी. सुताला खळ लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लाँड्रीच्या पातळ कांजीनं टोपी उभी राहणार नाही, पेजच हवी, हे तिला ठाऊक होतं. वॉर्डातल्या पेजेत मीठ असायचं, आणि मिठाची खळ ओल धरते. बिनमिठाची पेज एकाच खाटेला यायची. बेड नंबर नऊ, काटोलचा नत्थू, मूत्रपिंडाचा रोगी.

तो नत्थू तपासणीच्याच दिवशी सकाळी सहाला गेला. पुष्पलतेनंच त्याचे डोळे मिटले आणि डॉक्टरांना निरोप धाडला. आठ वाजता त्याची पेज मात्र आली, कारण भटारखान्याची यादी आदल्या रात्रीच होत असे.

"बाई, हे आता कोण पिते?" पेज आणणारा म्हातारा देवाजी म्हणाला. "मोरीत ओतू का?"

"थांबा जी. अन्न मोरीत काहून टाकून राहिले?"

अशी ती पेज टोपीला लागली.

दुपारी साहेब आले आणि नेमके त्या टोपीसमोर थांबले. "वा! टोपी अशी हवी. कांजी कुठली?"

मेट्रनबाई फुलल्या. पुष्पलतेला विचारलं की खरं सांगायची खोड होती. ती म्हणाली, "बेड नंबर नऊची पेज, साहेब."

साहेबांनी नऊ नंबरचे कागद मागवले. डॉक्टर त्या सकाळी नऊला उगवले होते, म्हणून कागदावर नत्थू नऊला मेला होता. म्हणजे आठ वाजता तो जिवंत होता, उपाशी होता आणि त्याची पेज नर्सच्या डोक्यावर होती. साहेबांनी मेट्रनबाई आणि पुष्पलता, दोघींकडून खुलासा मागितला.

आठव्या दिवशी मेट्रनबाईंनी तिला खोलीत बोलावलं. पुष्पलतेची नोकरी त्याच महिन्यात कायम व्हायची होती. उमरेडला बापाचा माग बंद पडला होता आणि घर हिच्यावर चालत होतं.

"चार्टवर लिही, आठ वाजता पेज पाजली. टोपीला लाँड्रीची कांजी होती. साहेबांना मी सांगते, पोरगी घाबरून काहीबाही बोलली."

"पण तो सहालेच गेला होता, बाई."

"कागदावर नऊला गेला."

"कागद मेला असंन नऊले. माणूस सहाले मेला."

"डॉक्टरांना खोटं पाडतेस? तू?"

"मेलेल्याच्या तोंडात पेज घालाले सांगता तुम्ही मले. मी नाही लिहत."

बाई मनानं वाईट नव्हत्या, फक्त घाबरल्या होत्या. पण घाबरलेला वरिष्ठ दुष्ट वरिष्ठापेक्षा महाग पडतो. "पेन्शनीला माझी दोन वर्षं राहिली आहेत," त्या म्हणाल्या. "पाच वाजेपर्यंत लिही. नाहीतर मी लिहिते, की ही मरत्या माणसाचं अन्न चोरते. मग बस उमरेडला सुताला खळ लावत."

पुष्पलता रडू आवरत बाहेर आली. बाकावर नत्थूची बायको मीराबाई बसली होती. मृत्यूचा दाखला न्यायला काटोलहून आली होती. नत्थू गेला तेव्हा ती लेकरांना पाहायला गावी गेलेली. संध्याकाळी परतली तर हाती नुसता देह आला. विचारायला कुणी नव्हतं.

"सिस्टरबाई, तुम्हीच व्हत्या ना त्यायच्याजवळ?"

"हो."

"उपाशी तं नाही ना गेले ते? आठ दिवस झाले, माह्या गळ्याखाली घास उतरत नाही."

नत्थूनं शेवटचे दोन दिवस पाण्यालाही तोंड लावलं नव्हतं. पुष्पलतेला ते चांगलं आठवत होतं.

"नाही वं माय," ती म्हणाली. "आठ वाजता पेज पाजली मी. वाटीभर पिले."

"अळणी?"

"अळणीच."

मीराबाईला हसू आलं आणि त्या हसण्यातच हुंदका फुटला. "मी दिली तं वाटी भिंतीवर फेकत व्हते! तुमच्या हातची पिले..." ती वाकून पाया पडू लागली. पुष्पलतेनं तिला कसंबसं उठवलं. एवढी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग ती सरळ मेट्रनबाईंच्या खोलीत गेली आणि चार्ट ओढला.

"आलं शहाणपण?" म्हणत मेट्रनबाईंनी चष्मा लावून वाचलं. 'सकाळी आठ. पेज, एक वाटी. आवडीनं प्यायले.' "आवडीनं कशाला? असं कुणी चार्टवर लिहितं का?"

"राहू द्या, बाई," पुष्पलता म्हणाली. "खोटंच लिहायचं तं त्याले पोटभर जेवू द्या."